शब्दचर्चा : भविष्यवाणी, भाकीत की संदेश?

प्रश्न
आमच्या मंडळीत दर गुरुवारी बायबल अभ्यास असतो. आता संदेष्ट्यांची पुस्तकं घ्यायची आहेत, म्हणून फळ्यावर मी ‘भविष्यवाणीचा अभ्यास’ असं लिहिलं. एका आजींनी विचारलं, “भविष्य बघणं आपल्यात चालतं का रे?” मला उत्तर सुचलं नाही. या तीन शब्दांत फरक नेमका काय?

प्रतिसाद
आजींनी वर्मावर बोट ठेवलं. मराठीत ‘भविष्य’ म्हटलं की राशी आणि पत्रिका आधी डोळ्यांपुढे येतात. बायबलातल्या संदेष्ट्यासाठी मूळ हिब्रू शब्द ‘नाबी’. निर्गम 7:1 मध्ये देव मोशेला म्हणतो की तुझा भाऊ अहरोन तुझा नाबी होईल. अहरोन मोशेचं भविष्य सांगणार नव्हता, मोशेचं म्हणणं मिसरचा राजा फारो याच्यापुढे मांडणार होता. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, म्हणून ‘संदेष्टा’. मला हा शब्द ‘भविष्यवादी’पेक्षा कितीतरी नेमका वाटतो.

प्रतिसाद
भाकिताबद्दल थोडं. पावसाचं भाकीत, निकालाचं भाकीत. ते खरं ठरतं नाहीतर चुकतं, ऐकणाऱ्याने फक्त वाट पाहायची. आता योना हा संदेष्टा घ्या. निनवे नगरात जाऊन तो म्हणाला, ‘40 दिवसांनी निनवे उलथून पडेल.’ लोकांनी उपास केला, गोणपाट नेसले, वाईट मार्ग सोडला आणि नगर वाचलं. भाकीत म्हणून पाहिलं तर योना चुकला. संदेश म्हणून पाहिलं तर त्याच्याइतकं यश फार थोड्या संदेष्ट्यांना मिळालं.

प्रश्नकर्ता
पटलं, ताई. पण मग पुढे घडणाऱ्या गोष्टी सोडून द्यायच्या का? यिर्मया या संदेष्ट्याने तर यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासातून 70 वर्षांनी परततील असा आकडाच दिलाय.

प्रतिसाद
सोडायच्या मुळीच नाहीत, दादा. पण तो आकडा कुठे येतो ते पाहा. यिर्मया 28 मध्ये हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, बंदिवान परत येतील. हिब्रू पाठात त्यालाही ‘नाबी’च म्हटलंय, हे मला फार बोचतं. कानाला गोड, आणि ऐकणाऱ्याला काहीच बदलायला न लावणारं बोलणं. पुढच्याच अध्यायात यिर्मयाचं बाबेलातल्या बंदिवानांना पत्र आहे : घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या नगरासाठी! 70 वर्षं त्यानंतर येतात. तो आकडा कळल्यावर सामान बांधून बसायचं नव्हतं, विहीर खणायची होती.

‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ या अर्थाचं 29:11 आपण कॅलेंडरवर छापतो. त्याआधीचं सातवं वचन, नगरासाठी प्रार्थना करा म्हणणारं, मात्र मी एकाही भिंतीवर पाहिलेलं नाही.

तारखांचा नाद किती महागात पडतो ते अमेरिकेत दिसलं. विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही ख्रिस्ताच्या येण्याची तारीख धरली होती. काहींनी शेतातलं पीकही कापलं नाही. मी स्वतः वीसएक वर्षांची असताना दानीएल आणि प्रकटीकरण या बायबलातल्या पुस्तकांतल्या दृष्टांतांचे तक्ते वहीत काढायचे. शिंगं, शिक्के, कर्णे सगळं पाठ होतं. त्याच वर्षी शेजारच्या घरात दुखणं चालू होतं, आणि मी एकदाही डोकावले नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

प्रतिसाद
एक जोड. 2 पेत्र 3:11 मध्ये सगळं लयाला जाणार म्हटल्यावर लगेच विचारलंय की मग तुम्ही कशा प्रकारचे लोक असायला हवं? ‘कधी’ हा प्रश्न तिथे नाही. शिवाय ‘प्रकटीकरण’ म्हणजे पडदा दूर होणं, आणि त्याच्या 1:3 मध्ये जे ऐकून पाळतात त्यांना धन्य म्हटलंय.

प्रश्नकर्ता
फळा पुसला. ‘संदेष्ट्यांचा संदेश’ असं लिहिलंय, खाली यिर्मया 29:1–14. पहिल्या गुरुवारी सातवं वचन आजींनाच वाचायला सांगतो.