रविवारच्या क्लब रेसला रेप्लिका शीड चालू द्यावं की नाही?

हार्बरकर

पावसाळा संपत आला, बोटींवरची ताडपत्री निघायची वेळ झाली, आणि आमच्या मुंबईच्या लेझर फ्लीटमध्ये (एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटींच्या ताफ्यात) एका गोष्टीवरून दोन तट पडलेत. (नाव बदलून इल्का झालं तरी आमच्या तोंडात अजून लेझरच बसलंय.) माझं मत इथे सरळ मांडतो. पटलं नाही तर तेही सरळ सांगा.

मुद्दा असा. क्लासच्या, म्हणजे या एकाच प्रकारच्या बोटींच्या गटाच्या, नियमाप्रमाणे रेसमध्ये फक्त अधिकृत शीड चालतं. त्याच मापाचं, तसंच शिवलेलं रेप्लिका शीड निम्म्याहून कमी पैशांत मिळतं, पण ते फक्त सरावाला. अधिकृत शीड परदेशातून येतं, त्यावर वाहतूक आणि जकात. माझं शीड चार सीझन जुनं आहे, वारा जरा वाढला की लीच, म्हणजे शिडाची मागची कड, फडफडते. गेल्या सीझनला बोटपार्कमध्ये अकरा हल (बोटींची धडं) उभे होते आणि कितीतरी रविवारी स्टार्ट लाईनवर पाचच बोटी होत्या. बाकीच्या सहांपैकी चौघांचं कारण शीड. हे मी प्रत्येकाला स्वतः विचारलंय.

वन-डिझाइनची, म्हणजे सगळ्यांची बोट एकसारखी असण्याची, कल्पनाच मुळात खर्चातून जन्मली. डब्लिनजवळ 1887 साली वॉटर वॅग नावाच्या एकसारख्या छोट्या बोटी बांधल्या गेल्या, त्या कशासाठी? दर वर्षी कुणीतरी जास्त पैसे ओतून नवी, जास्त वेगवान बोट आणायचा आणि बाकीच्यांची बोट जुनी ठरायची, ते थांबावं म्हणून. ज्या नियमाचा हेतू पैशाची शर्यत थांबवणं हा होता, त्याच नियमामुळे आज लोक किनाऱ्यावर बसत असतील तर आपण नियमाचा हेतू पाळत नाही, नुसती अक्षरं पाळतोय.

माझी मागणी फक्त रविवारच्या क्लब रेसपुरती आहे. राज्य, राष्ट्रीय, निवड चाचणी, तिथे अधिकृतच शीड.

शीटवाली

हार्बरकर, तुमची तळमळ कळते, पण मी ठाम विरोधात आहे.

मी इल्का 6 चालवते (तीच बोट, मधल्या मापाचं शीड; 7 ला मोठं, 4 ला छोटं). रविवारी तिसरी आले तर परतताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: बोट तीच, शीड तेच, म्हणजे चूक माझी. स्टार्टला उशीर केला, नाहीतर ओहोटीच्या चुकीच्या बाजूला गेले, नाहीतर हायकिंगमध्ये, म्हणजे बोट कलू नये म्हणून बाहेर झुकताना, पाय ढिले पडले. ही खात्री हीच या बोटीची खरी कमाई आहे. एकदा रेप्लिका आलं की ही खात्री गेली. तुमच्या नव्याकोऱ्या रेप्लिकानं माझ्या तीन सीझन जुन्या अधिकृत शिडाला बीटवर (वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी जाताना) मागे टाकलं तर मी काय शिकायचं त्यातून? आणि पुढच्या वर्षी कुणी म्हणेल अमक्या शिवणाऱ्याचं रेप्लिका हलक्या वाऱ्यात जास्त चालतं, मग सगळे तेच शोधणार.

हे मी कल्पनेनं म्हणत नाही. ऑप्टिमिस्टमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बोटीत, शीड कुठल्याही शिवणाऱ्याचं, फक्त मापात बसायला हवं. परिणाम? तीस किलोच्या मुलाला एक कट, चाळीस किलोच्या मुलाला दुसरा कट. माझा भाचा ऑप्टिमिस्टमध्ये आहे. त्याच्या आईला वाऱ्याच्या अंदाजाआधी शिडांचा कॅटलॉग वाचावा लागतो. लेझरमध्ये हे नाही म्हणून मी लेझर निवडली.

ऑलिम्पिकमध्ये या क्लासच्या बोटी आयोजक देतात, सगळ्यांना सारख्या. हांगझोऊच्या एशियाडमध्ये विष्णू सरवणननं इल्का 7 मध्ये कांस्य आणि नेहा ठाकूरनं मुलींच्या इल्का 4 मध्ये रौप्य मिळवलं. भोपाळच्या तलावावर शिकलेली मुलगी समुद्रावर आशियात दुसरी येते, कारण सरावात हाताला लागलेली बोट आणि रेसमधली बोट एकच असते.

कमिटी बोट

मी बरीच वर्षं रेस ऑफिसरचं काम केलं. दोघांनीही एक गोष्ट सोडली, ती आधी बघा.

'रविवारपुरतं चालू द्या' हे क्लबच्या हातातच नाही. रेसिंग नियम 78.1 प्रमाणे रेस चालू असताना बोट क्लासच्या नियमांत असणं ही मालकाची आणि बोटीचा ताबा असणाऱ्याची जबाबदारी. क्लासचा नियम बदलायचा तर नियम 87 आहे: क्लासच्या नियमांनीच मुभा दिली असेल, किंवा क्लास संघटनेची लेखी परवानगी सूचनाफलकावर लावली असेल, तरच. नाहीतर कुणीही प्रोटेस्ट (तक्रार) टाकला की रेप्लिकावाली बोट बाद, आणि कमिटीला तोंड लपवावं लागेल.

तेव्हा मार्ग दोन. लेखी परवानगी मागा. किंवा ती रेस इल्का क्लासची म्हणून लावूच नका, क्लबच्या स्वतःच्या गटाची लावा आणि गटात काय चालतं ते नोटीस ऑफ रेसमध्ये, म्हणजे रेसच्या जाहीर पत्रकात, स्वच्छ लिहा. दुसरा मार्ग सोपा आहे.

हार्बरकर

कमिटी बोट, हे मला नीट ठाऊक नव्हतं, मान्य करतो. दुसरा मार्ग मला चालेल.

शीटवाली, तुमचा 'चूक माझी' हा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. पण एक सांगा, पाच बोटींच्या फ्लीटमध्ये चूक तरी कितपत कळते? स्टार्ट लाईनवर गर्दी नसेल तर मोकळ्या वाऱ्यात सुटणं कुणालाही जमतं. पहिल्या मार्कला एकटेच पोचत असू तर नियम 18 ची मार्क-रूम (मार्कला वळताना दुसऱ्या बोटीला द्यायची जागा) कुठे वापरायची? मला अकरा बोटी हव्यात. त्यासाठी शिडातला थोडा फरक मी आनंदानं सोसेन.

भांगाचं पाणी

आमचं घर कोळीवाड्यात. आज्याचा मचवा शिडावर चालायचा आणि शीड घरातच शिवलं जायचं. मी सैन्यातल्या ओळखीच्या माणसामुळे लेझरवर बसलो, दोन वर्षं दुसऱ्यांची शिडं मागून रेस केल्या. एका रविवारी मागितलेलं शीड माझ्या हातून जाईब करताना (मागून वारा असताना शीड दुसऱ्या बाजूला घेताना) बॅटनपाशी, शिडातल्या पट्टीपाशी, फाटलं. ते भरून देईपर्यंत चार महिने पाण्यावर गेलो नाही. ते चार महिने मी विसरलेलो नाही.

शीटवालीताई, तुमच्यासाठी प्रश्न शिकण्याचा आहे. माझ्यासारख्याला प्रश्न बोटीवर चढण्याचा असतो. जो चढलाच नाही त्याची चूक कोण मोजणार?

वर ताईंनी ओहोटीची चुकीची बाजू म्हटलंय म्हणून नव्या मुलांसाठी लिहितो. आमच्याकडे भरती तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणनं गुणा, येईल तेवढे वाजता मुंबईला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मिनिटांचा हिशेब भरतीच्या तक्त्यात बघा, पण घरातून निघताना एवढं पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला दुपारच्या रेसमध्ये ओहोटी जोरात ओढते, तेव्हा प्रवाहाविरुद्ध जायचं असेल तर उथळ बाजू धरा, तिथे ओढ कमी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटी कमी, तेव्हा प्रवाहापेक्षा वाऱ्याच्या फिरण्याकडे लक्ष द्या.

मापाडी

शिडावर इतकं भांडताय, पण मी बोटी दुरुस्त करतो म्हणून सांगतो: आपल्या फ्लीटमधल्या बोटी आजही एकसारख्या नाहीत. हल नवा असतो तेव्हा साधारण 59 किलो. वीस वर्षं जुन्या, आत पाणी शोषलेल्या हलचं वजन काट्यावर घ्या म्हणजे कळेल. डॅगरबोर्डच्या (बोटीखाली पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) मागच्या कडेला टवके, डोलकाठीचा वरचा अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा वाकलेला. वाकलेल्या काठीवर नवं अधिकृत शीड चढवलं तरी ते नीट बसणार नाही.

आधी फुकटची कामं करा. ड्रेन प्लगचं वॉशर बदला, डेकच्या सांध्यातून हवा सुटते का साबणाच्या पाण्यानं बघा, इन्स्पेक्शन पोर्ट उघडून हल आठवडाभर सुकू द्या.

हुसेनसागरवरून

नोकरीमुळे हैदराबादला असते. आमच्या गटात मुलांसाठी क्लबच्या बोटी आहेत आणि कोणाला कुठली ते चिठ्ठी टाकून ठरतं. दोन रेस झाल्या की अदलाबदल. जुनं शीड एकदा प्रत्येकाच्या वाट्याला येतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. मुंबईत मालक आपापली बोट दुसऱ्याच्या हाती देतील का, हा खरा प्रश्न आहे.

शीड टिकवण्याबद्दलही लिहिते, कारण निम्मी शिडं रेसमध्ये नाही, किनाऱ्यावर मरतात. रेस संपल्यावर अर्धा तास गप्पा मारता आणि शीड वाऱ्यात फडफडत असतं, तिथेच कापड मरतं. आल्याबरोबर उतरवा, गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, गुंडाळून ठेवा. घडी कधीच नाही. 2016 ला आलेलं नवं मोठं शीड जाड कापडाचं आहे, जुन्यापेक्षा जास्त टिकतं, पण उन्हात पडून राहिलं तर तेही जातंच.

शीटवाली

भांगाचं पाणी, तुमची पोस्ट वाचून मी माझं म्हणणं पुन्हा तपासलं. चार महिने किनाऱ्यावर बसणं काय असतं ते मला भोगावं लागलं नाही, हे खरं.

तरीही रेप्लिकाला माझा विरोध कायम आहे. पण मग माझ्याकडूनही काहीतरी यायला हवं. माझ्याकडे जुनी दोन अधिकृत शिडं घरात पडून आहेत, वरच्या वर्गाच्या रेसला कामाची नाहीत, रविवारी उत्तम चालतील. फ्लीटमध्ये अशी आणखी सात-आठ तरी सापडतील. ती एका पेटीत जमा करू, ज्याच्याकडे नाही त्यानं त्या दिवशी उचलायचं, फाटलं तर भरपाई सगळ्यांनी मिळून. एकट्यावर नाही. गट क्लासचाच राहील आणि बोटीही पाण्यावर येतील.

कमिटी बोट

शिडांची पेटी चालेल. मात्र बोटी अकरा झाल्या तर एका रेस्क्यू बोटीवर मी स्टार्ट देणार नाही. डिसेंबर 2024 ला याच हार्बरमध्ये नीलकमल ही प्रवासी बोट बुडाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दुसरी बोट आणि ती चालवणारा माणूस आधी ठरवा, मग शिडांचं.

हार्बरकर

रेस्क्यू बोटीला माझा भाऊ येईल, त्याच्याकडे परवाना आहे. विचारून पक्कं कळवतो.

शीटवाली, पेटीची कल्पना चांगली आहे, माझंही जुनं शीड त्यात घाला. पण अकरा बोटींना ती पुरेल असं मला वाटत नाही, आणि रेप्लिकाची मागणी मी मागे घेत नाही. एक करू. अष्टमीच्या जवळचा रविवार धरू, भांगाचं पाणी असेल, प्रवाहाचा घोळ नको. तुमचं अधिकृत शीड, माझ्या मित्राचं रेप्लिका, दोन बोटी, चार छोट्या बीट. दोन झाल्या की शिडं बदलायची. वजनानं आपण दोघं सारखे नाही, म्हणून तुमच्या वजनाचं कुणीतरी दुसऱ्या बोटीवर बसवू.

शीटवाली

येते. दुसऱ्या बोटीवर भांगाचं पाणी बसतील का? आणि मापाडींना काटा घेऊन बोलवा, दोन्ही हल आधी वजन करू.