बाबांच्या फोनमध्ये चलनाची एपीके गेलीय, अँटिव्हायरस कोणता टाकू?

खटपट्या:
बाबांना गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून 'आरटीओ ई-चलन' अशी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकायची फाइल) आली, गाडीचा दंड असेल म्हणून त्यांनी ती टाकली आणि जे विचारेल त्याला अलाऊ करत गेले. आता आयकॉन कुठेच दिसत नाही आणि सकाळपासून त्यांच्या नंबरवरून तीच फाइल सगळ्या पाहुण्यांना चाललीय. पेन्शनचं खातं याच नंबरला जोडलंय.

वाटसरू:
अँटिव्हायरस राहू दे, आधी नेट बंद कर आणि सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाल. या अॅप्सना एसएमएस वाचायची परवानगी हवी असते, ओटीपी आला की परस्पर पुढे पाठवतात, बाकी चलनबिलन सगळं सोंग. मग बँकेला फोन करून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबव. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरवतात. आणि पाहुण्यांना सांग बाबा, कुणी फाइल उघडू नका म्हणून.

झंप्या:
मी फुकटवाला अँटिव्हायरस वापरतो, मला तर कधी काही झालं नाही.

कोकणीमाई:
झंप्यादादा, घरच्यानेच कडी काढून दिल्यावर राखणदार काय करणार! खटपट्या, आयकॉन लपवला तरी सेटिंग्जमध्ये 'अॅप्स'च्या पूर्ण यादीत ते सापडतं. अनइन्स्टॉल होत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू कर, त्यात बाहेरून टाकलेली अॅप्स चालत नाहीत, मग सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अॅडमिन (अॅपला फोनवर ताबा देणाऱ्या परवानग्या) यांतून त्याचं नाव बंद करून काढ.

खटपट्या:
सापडलं! नाव नुसतं 'अपडेट', खाली एसएमएस, कॉन्टॅक्ट, फोन सगळ्याला परवानगी. काढलं. पैसे शाबूत आहेत. पण कॉल फॉरवर्ड तपासायला *#२१# लावलं तर कॉल कुठल्यातरी अनोळखी नंबरवर फॉरवर्ड दाखवतंय??

वाटसरू:
##००२# लाव, सगळे फॉरवर्ड रद्द होतील, मग परत तपास. व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसही बघ, दुसऱ्या कुठल्या फोन-कॉम्प्युटरवर ते चालू नाही ना. फोटो कॉपी करून फोन सरळ फॅक्टरी रीसेट मार, आणि पिन-पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. रीसेट झाल्यावर सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अॅप इन्स्टॉल करा' यात व्हॉट्सअॅप आणि क्रोमची परवानगी बंद ठेव, प्ले प्रोटेक्ट (गूगलची अॅप तपासणी) चालू आहे का तेही बघून घे.

कोकणीमाई:
आणि काकांना रागावू नका हो, नाहीतर पुढच्या वेळी सांगणारच नाहीत.