लिहिताना समोर कोण बसलेलं असतं? बडोदेकरांनो, अनुभव सांगा

दांडिया बाजारकर: आपल्यापैकी बरेच जण काही ना काही लिहितात. मंडळाची स्मरणिका, हस्तलिखित दिवाळी अंक, नाहीतर व्हॉट्सॲपवरची लांबलचक पोस्ट. 2018 चं साहित्य संमेलन आपल्या गावात झालं तेव्हापासून हा उत्साह जरा वाढलाच आहे. तर प्रश्न असा, की हे कोण वाचणार असं धरून तुम्ही लिहिता? तत्त्वज्ञान नको, प्रसंग सांगा.

सुरुवात मीच करते. माझ्यासमोर आत्या असते. ती स्मरणिका ओट्याशी उभ्याउभ्या वाचते, एक कान कुकरकडे. दुसऱ्या शिट्टीपर्यंत लेखानं पकडलं नाही तर अंक फ्रीजवर जातो तो रद्दीतच निघतो. त्यामुळे ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी सुरुवात करायची माझी छाती होत नाही.

निवृत्त टिपणीस: आयुष्यभर सरकारी टिपण्या लिहिल्या, त्याही गुजरातीत. साहेबांच्या टेबलावर फायलींचा ढीग. पहिल्या दोन ओळींत कोण, काय मागतोय आणि कधीपर्यंत, हे आलं नाही की ‘चर्चा करा’ असा शेरा मारून फाइल परत. लोक कचेरीतल्या भाषेला हसतात, पण नेमकं लिहायला तिनंच शिकवलं असं माझं मत आहे. ‘उपरोक्त’ नि ‘सदरहू’ तेवढे झटकून टाकायचे.

निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेवर लिहिलं. गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींच्या समाधीपाशी काय वाटलं हे लिहायला बसलो तर शब्द फुगायला लागले. मग घाटाच्या पायऱ्या, सोबत्याच्या चपलेचा तुटलेला अंगठा आणि त्यानं तो सुतळीनं कसा बांधला, एवढंच लिहिलं. मित्र म्हणाला, पंचनामा वाटतो. मी ती दाद समजलो.

पुरणपोळीवाल्या काकू: मी लेखिका वगैरे नाही हो. सूनबाई गुजराती, मराठी वाचते पण सावकाश. तिच्यासाठी वहीत पाककृती उतरवते. पुरणपोळी लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. तिच्या माहेरी वेढमी होते ती तुरीच्या डाळीची. म्हणजे ‘डाळ शिजवून घ्या’ म्हणून भागणार नव्हतं, हरभऱ्याची असं लिहायला हवं. पुढे ‘पुरण घट्ट होईपर्यंत आटवा’. घट्ट म्हणजे किती? मग गॅसपाशी वही ठेवूनच पुरण केलं आणि हात काय करतोय ते बघत लिहिलं. पुरण कडेनं सुटायला लागतं, बुडबुडे फुटताना फटफट आवाज येतो, मधोमध उलथणं उभं केलं तर ते पडत नाही. की गॅस बंद. कट फेकायचा नाही हे मोठ्या अक्षरात.

आता कुठंही काही वाचताना मला वाटतं, ह्यानं उलथणं उभं करून बघितलंय का!

उगीच: मी उलट सांगतो. पहिल्या खर्ड्याला समोर कोणीही नको. आत्या नको, साहेब तर नकोच. आधी लिहून होऊ दे.

जाहिरातवाला: दिवसा फ्लॅटच्या आणि नवरात्रीच्या पासांच्या जाहिराती लिहितो, गुजरातीत. रात्री मराठी कथा. माझा वाचक जरा लांबचा आहे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशा बघितल्यात ना? वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत यावा म्हणून त्या. तिथं उभं राहिलं की मला ती लायब्ररी कोणासाठी उभारली हे आठवतं. सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून वाचनालयांची व्यवस्था लावली. लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं खेड्यांत जायची. मी तो पेटी उघडणारा माणूस धरतो. नुकता वाचायला शिकलेला, पण बुद्धीनं तुमच्याआमच्याइतकाच. त्याच्यासाठी सोपं लिहायचं, बाळबोध नाही. ह्या दोहोंतला फरक सांभाळताना माझी अर्धी रात्र जाते. जाहिरातीत ग्राहकाला घाई असते असं धरतात. ह्याला घाई नाही, त्यामुळे लबाडी लगेच पकडतो.

श्रद्धांजली-लेखक (नाइलाजानं): मंडळात कोणी गेलं की फोन मला. पूर्वीचे मजकूर चाळले तर सगळेच मनमिळाऊ, परोपकारी आणि धार्मिक वृत्तीचे. नाव बदललं तरी चालेल! आता घरच्यांना एकच विचारतो, बाहेरून आल्यावर ते पहिलं काय करायचे? एका काकांच्या बाबतीत उत्तर आलं, चपला काढायच्या आधी गॅसची खालची कळ बंद आहे का बघायचे, त्यावरून रोज वाद. तेच छापलं. त्यांच्या पत्नींनी वाचून म्हटलं, ‘वाद रोज नव्हता, दिवसातून दोनदा होता.’ पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायला सांगत होत्या.

उगीच: दिली का?

श्रद्धांजली-लेखक: दिली की.

जाहिरातवाला: काकू, सगळं सांगितलंत, गुळाचं प्रमाण राहिलं.

पुरणपोळीवाल्या काकू: वाटीला वाटी. आमच्याकडे गोड जास्त लागतं म्हणून वर मूठभर. ती मूठ माझी धरा, तुमची नको.