मदत हवी आहे : खेळ आणि नृत्यातील दुखापतींवरील उपचारांचे शिक्षण

नमस्कार. माझी मुलगी ठाण्यात कथक शिकते आणि यंदा विज्ञान शाखेतून बारावीला आहे. फिजिओथेरपीची पदवी घेऊन, पुढे 2 वर्षांच्या एमपीटीसाठी (फिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवीसाठी) क्रीडा हा विषय निवडून, खेळाडूंबरोबरच नर्तकांच्या दुखापतींवर काम करण्याची तिची मनापासून इच्छा आहे. नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही महाविद्यालये आमच्यासमोर आहेत. मात्र अनवाणी तत्कारामुळे (कथकमधील पायांच्या ठेक्यांमुळे) घोट्यांवर व नडगीवर येणारा ताण, किंवा भरतनाट्यममधील अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या स्थितीत) गुडघ्यांवर पडणारा भार, यांचा अभ्यास तेथे प्रत्यक्ष रुग्णांसोबत करायला मिळतो का? नर्तकाला नुसती विश्रांती सांगून भागत नाही. रियाज टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करून देणारा जाणकार लागतो, असे मला वाटते. आजी-माजी विद्यार्थ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.