2001 ची एसव्ही650एस कमी आरपीएमला हिसके देते

प्रश्न: मंडळी, मी शेफिल्डला राहतो. गेल्या महिन्यात सुझुकीची जुनी एसव्ही650एस बाईक घेतली, कार्ब्युरेटरवाली, 27,000 मैल झालेली. स्नेक पासच्या चढावर 5,000 च्या पुढे गेली की असा आवाज काढते की परत फिरून पुन्हा तोच चढ चढावासा वाटतो. पण गावात तिसऱ्या गिअरला 2,500 च्या आसपास नुसते हिसके. बाबांच्या आरएक्स100 वर शिकलो, तिथे हे कधी अनुभवलं नाही. इंजिन उघडावं लागेल का?

उत्तर: थांबा, इंजिनाला हात लावू नका. 90 अंशांच्या या व्ही-ट्विनमध्ये (व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर) दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं: क्रँक एकदा 270 अंश फिरल्यावर, एकदा 450. म्हणून तिला रेंगाळत ओढायला लावायचं नाही, सरळ दुसरा गिअर टाका. आणि आधी चेनची ढील मोजा, सैल चेननेही हिसके बसतात. मधोमध 20 ते 30 मिमी ढील हवी. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा.

उत्तर: चेननंतर दोन्ही कार्ब (कार्ब्युरेटर) व्हॅक्यूम गेजवर, म्हणजे त्यांची ओढ मोजणाऱ्या मीटरवर, एकसारखे जुळवून घ्या. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) दर 24,000 किमीला बघायचा असतो. जुन्या मालकाकडे नोंद आहे का?

प्रश्नकर्ता: ढील 45 निघाली! गाडी घेतल्यापासून मोजलीच नव्हती, चूक माझी. 25 वर आणली, हिसके निम्म्याने कमी झाले. व्हॉल्व्हची नोंद नाही. रविवारी गेज आणतोय.