जमीन बिघडली ती पावसामुळे, की आपल्यामुळे?

बालाघाटकर : मराठवाड्यात पीक बुडाले की दोष पावसाला देऊन आपण मोकळे होतो. पाऊस लहरी झाला, हे मान्यच आहे; ऐन वाढीच्या काळात दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडते आणि सोयाबीन काढणीला आले की आभाळ फाटते. परंतु ती उघडीप सोसण्याची आणि ते पाणी मुरवण्याची ताकद आपल्या काळ्या रानात का उरली नाही, याचे उत्तर आभाळात सापडणार नाही. खरिपात ज्वारी, मूग, उडीद, तूर अशी पिके होती, तेव्हा कडबा जनावरांच्या दावणीला जाई आणि शेणखत होऊन रानात परत येई. सोयाबीनने खरीप ज्वारी हटवली. कडबा घटला, गुरे घटली, उकिरडे ओस पडले. आज कित्येक शिवारांत सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळ्यातून मातीत येणारा आणि ओल धरायला मदत करणारा कार्बन, अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे आणि चुनखडीच्या जमिनीत लोह-जस्ताअभावी कोवळे सोयाबीन पिवळे पडते. हा दोष हवामानाचा कसा?

गोदाकाठ : आपले निदान अर्धेच आहे, आणि त्यात शेतकऱ्याला आरोपी करण्याची घाई दिसते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सिंदफणा आणि मांजरा या नद्यांकाठची राने मुरूम उघडा पडेपर्यंत खरडून गेली. त्यांत वर्षानुवर्षे शेणखत घातलेली रानेही होती. खरडलेल्या जमिनीसाठी सरकारला हेक्टरी ४७ हजार रुपयांची वेगळी मदत जाहीर करावी लागली, पण वाहून गेलेला मातीचा थर रोख रकमेने परत येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने रब्बी ज्वारी आडवी केली, तिथे कर्ब किती होता हे विचारून काय उपयोग? शिवाय तापमान वाढले की मातीतला कर्ब अधिक वेगाने जळतो, म्हणजे आपण ज्याला शेतीचा दोष म्हणता त्यातही हवामानाचा वाटा आहेच. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते, मागे हरभरा घेता येतो आणि बाजारात लगेच पैसा होतो. ज्वारीच्या काढणीला मजूर मिळत नाहीत. मग शेतकऱ्याने काय करायला हवे होते?

बालाघाटकर : नदीकाठच्या पुराला कोणतेच खत पुरे पडणार नाही, याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा चढाच्या रानांचा आहे. तिथे पूर येत नाही, तरी उताराच्या दिशेने पेरणी केल्यामुळे दरवर्षी वरची माती ओढ्याला जाते. परभणीचे कृषी विद्यापीठ रुंद वरंबा-सरी पद्धतीची, म्हणजे रुंद उंचवट्यावर पेरून बाजूला सरी ठेवण्याची, शिफारस करते. अशा पेरणीत जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाच्या खंडात वरंब्याखालचा ओलावा टिकतो. त्यासाठी हवामान सुधारण्याची वाट पाहावी लागत नाही.

पाणंद : दोघांनीही बटई-ठोक्याचा, म्हणजे दुसऱ्याचे रान वाट्याने वा ठरावीक रकमेवर कसण्याचा, विचार केलेला नाही. ज्याच्याकडे रान एका हंगामापुरते ठोक्याने आहे, तो शेणखताच्या गाड्या कशाला टाकील? आणि मूळ मालक पुण्यात आहे.

गोदाकाठ : हा मुद्दा खरा वजनदार आहे. रुंद वरंब्याबद्दलही आक्षेप नाही, मात्र त्याचे पेरणीयंत्र वेळेवर मिळायला हवे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, तीन-चार दिवसांचाच असतो आणि गावात यंत्र एकच असले, तर नंबर लागेपर्यंत पेरणी तिफणीनेच उरकावी लागते.