व्हिटो : नाव एक, कारखाने अनेक. शिकाऊ वाद्य घेताना नावाला किती किंमत द्यावी?

सुरांचा हिशेब (धागालेखक)

मुलगी सहावीत गेली आणि इथल्या अमेरिकन शाळांच्या रीतीप्रमाणे बँडसाठी वाद्य घेण्याची वेळ आली. तिने क्लॅरिनेट निवडले, तिच्या मैत्रिणीने सॅक्सोफोन. दोघींच्या शिक्षकांनी जुन्या वाद्यांच्या बाजारात पाहण्यासाठी जी नावे सुचवली त्यांत ‘व्हिटो’ होते, म्हणून या नावामागचा कारखाना शोधू लागलो. एकच असा कारखाना निघालाच नाही.

हे नाव व्हिटो पास्कुची यांचे. विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावचे हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बँडप्रमुख ग्लेन मिलर यांच्या लष्करी बँडची वाद्ये दुरुस्त करत असत. पॅरिसमध्ये त्यांची लब्लां या वाद्यनिर्मात्या कुटुंबाशी ओळख झाली आणि १९४६ मध्ये केनोशात जी. लब्लां कॉर्पोरेशन सुरू झाली. पुढे शाळकरी मुलांसाठी प्लॅस्टिकची व्हिटो क्लॅरिनेट तिथेच तयार होऊ लागली, इथपर्यंत सारे सरळ आहे. सॅक्सोफोनचे मात्र तसे नाही : आधीचे कित्येक व्हिटो सॅक्सोफोन फ्रान्समधल्या बोनिये यांच्या कारखान्यातले आहेत, नंतरचे कित्येक जपानमध्ये यामाहाने घडवलेले आहेत, आणि घंटेवर (वाद्याच्या पसरट तोंडावर) कोरलेले नाव दोन्हींवर तेच. दुसऱ्याकडून घडवून घेऊन आपले नाव कोरण्याच्या या प्रकाराला धंद्यात ‘स्टेन्सिल’ म्हणतात. माझ्या मते अशा नावासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे डब्यावरचे चित्र पाहून लाडू विकत घेणे आहे.

पाव्याचा नाद

धागालेखकांनी माहिती बरोबर दिली आहे, पण निष्कर्ष घाईने काढला आहे. केनोशातले पहिले काम वाद्ये घडवण्याचे नव्हते, फ्रान्सहून बोटीने आलेली वाद्ये पुन्हा जुळवण्याचे होते. लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आक्रसते. नॉर्मंडीच्या दमट हवेत नीट बसवलेले क्लॅरिनेट विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात, शेगडीने कोरड्या केलेल्या खोलीत उघडले की कीजच्या (छिद्रे उघडझाप करणाऱ्या धातूच्या कळांच्या) दांड्या अडकतात, त्यांच्याखालचे पॅड, म्हणजे छोट्या गाद्या, छिद्रांवर नीट टेकत नाहीत आणि हवा गळते. पास्कुची मुळात दुरुस्ती करणारे असल्यामुळे प्रत्येक वाद्य तपासून, जुळवून मगच दुकानदाराकडे पाठवायचे, या कल्पनेवर त्यांनी आपला धंदा उभा केला. तेव्हा नावाचा अर्थ ‘हे आम्ही घडवले’ इतकाच घेऊ नये, ‘हे आम्ही पाहून दिले’ असाही घ्यावा. लब्लांच्या घराण्यात आलेली नोब्ले ही पेढी ला कुत्यूर-बुसे या गावात १७५० पासूनची आहे. तिची लाकडी क्लॅरिनेट मधल्या पायरीवर, लब्लां नावाची वरच्या पायरीवर आणि व्हिटो पहिल्या पायरीवर, अशी ती शिडी होती. पहिल्या पायरीवरच मूल घसरले तर वरची वाद्ये घेणार कोण, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक असणार.

पॅडबदलू

दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला हा वाद थोडा गमतीचा वाटतो. बासरीवर जोराने फुंकले की सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेट मात्र त्याच्याही पुढे, वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी घेते. त्यामुळे एका छिद्राची जागा किंवा आकार किंचित चुकला तर एकाच वेळी दोन निरनिराळे स्वर बिघडतात. लाकडात हे प्रत्येक नळीला नव्याने सांभाळावे लागते, तर प्लॅस्टिकचा साचा एकदा बरोबर जमला की पुढची हजारो वाद्ये सारखी निघतात. शिवाय थंडीत तडकण्याची भीती नाही. म्हणून शिकाऊ क्लॅरिनेटच्या नळीबद्दल माझी तक्रार क्वचितच असते. माझ्याकडे येते ते वाकलेल्या कीज आणि गळके पॅड घेऊन. व्हिटोची की वाकली तर सरळ करता येते, आणि तुटलीच तर जुन्या वाद्यांतून सुटा भाग मिळतो, कारण ही वाद्ये शाळाशाळांत आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या वाद्याची की सरळ करताना हातातच तुटल्याचा अनुभव मी अनेकदा घेतला आहे. नावाला मी किंमत देतो ती एवढ्यापुरती.

सुरांचा हिशेब

सुट्या भागांचा मुद्दा मान्य, माझ्या ध्यानात तो आला नव्हता. ‘पाहून दिले’ हा युक्तिवाद मात्र मला पुरेसा वाटत नाही. पास्कुची २००३ मध्ये वारले, २००४ मध्ये कॉन-सेल्मर या वाद्यकंपनीने लब्लां विकत घेतली आणि काही वर्षांत केनोशातले काम बंद झाले. तपासणारा हात गेला तरी नाव वापरात राहू शकते, म्हणजेच हात आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाव्याचा नाद

२००४ नंतरच्या वाद्यांसाठी मी आग्रह धरणार नाही. पण आपण ज्या जुन्या बाजारात फिरत आहात तिथली बरीचशी वाद्ये त्याआधीची असतात. शिवाय व्हिटोच्या नावाखाली यामाहाने घडवलेला सॅक्सोफोन मिळत असेल, तर आपल्या मुलीच्या मैत्रिणीने तक्रार नेमकी कशाची करावी? अशा वेळी यामाहाचे नाव नसल्याने किंमत उतरते, आणि आपला ‘डब्यावरचे चित्र’ हा दाखला उलटा आपल्याच फायद्याचा ठरतो.

पॅडबदलू

भांडण पुरे. अनुक्रमांक आणि त्याच्याजवळ देशाचे नाव असल्यास ते पाहा, क्लॅरिनेटच्या वरच्या जोडाचे (सुट्या होणाऱ्या वरच्या भागाचे) खालचे तोंड तळहाताने बंद करून, छिद्रे बोटांनी झाकून वरच्या टोकाने तोंडाने हलकेच हवा ओढा; ओढ टिकून राहिली तर पॅड ठीक आहेत.

सुरांचा हिशेब

विक्रेत्याकडे अनुक्रमांकाचे छायाचित्र मागितले आहे. त्याने आतापर्यंत तीन छायाचित्रे पाठवली, तिन्ही घंटेची, आणि तिन्हींत ‘व्हिटो’ अगदी ठळक दिसते.